भंतेडोंगरीवरची हाक

१

आईला भंतेडोंगरीला न्यायचं मी तीन वर्षं टाळत होतो.

तसं टाळण्यासारखं त्यात काही नव्हतं. जवाहरनगरच्या आमच्या क्वार्टरपासून निघालं की मोहाडी, तुमसर, मग नाकाडोंगरीच्या पुढे जंगलाला लागून ती टेकडी. गाडीनं दोन तास. वर एक छोटं विहार आहे आणि विहाराच्या मागं खडकात कोरलेली जुनी गुंफा. आई पूर्वी वस्तीतल्या बायकांबरोबर दर माघी पौर्णिमेला तिथं जायची. मग त्या बायकांतल्या दोघी वारल्या, एक मुलीकडे नागपूरला राहायला गेली, आणि आईच्या गुडघ्यानं दगा दिला. तेव्हापासून ती माझ्या मागं लागली होती.

"एकदा घेऊन चाल ना रे बाबू. मले एकटीनं नाही होत आता."

"पुढच्या रविवारी," मी म्हणायचो.

फॅक्टरीत मी तपासणी विभागात आहे. सहा दिवस लहान-लहान सुटे भाग मापून पाहायचे, गेजच्या मापात बसले तर पास, नाही बसले तर बाजूला. डोळ्याला बरोबर दिसतंय म्हणून पास करायचं नाही, हा आमच्याकडचा पहिला धडा. सातव्या दिवशी मला झोप हवी असते, हे एक कारण. दुसरं कारण मी कुणाला सांगत नसे, पण आईला ते माहीत होतं. मला अशा ठिकाणी बसवत नाही. वंदना सुरू झाली की मी घड्याळाकडे पाहायला लागतो.

या जानेवारीत एका रविवारी सकाळी बायकोनं, मोनिकानं, डबा भरूनच माझ्यासमोर ठेवला. "आज नाही म्हणाल तर मी आईंना घेऊन बसनं जाईन," ती म्हणाली. मागं आई पांढरं पातळ नेसून, चपला घालून तयार उभी होती. मग मला गाडी काढावीच लागली.

"चारपर्यंत वापस यायचं पण," मी म्हणालो. "उद्या माझी पहिली पाळी आहे."

"चारले कायले, तीनलेच येऊ," आई म्हणाली, आणि पुढच्या सीटवर बसली.

कुंताबाई रामटेके, वय अडुसष्ट. ज्यांनी तिला ऐकलंय त्यांना मी काय सांगतोय ते कळेल. आई गप्प बसू शकत नाही. मोहाडीच्या बाजारात पोपटीच्या शेंगांचे ढीग दिसले, त्यावर ती बोलली. धान कापलेल्या बांध्यांत लाखोरीचं पीक हिरवंगार उगवलं होतं, त्यावर बोलली. मँगनीजचा ट्रक पुढे लागला आणि काचेवर काळी धूळ आली, तेव्हा ड्रायव्हरच्या सात पिढ्यांवर बोलली. आवाज थोडा खरखरीत, शब्दाच्या शेवटी वर चढणारा. मी गाडी चालवताना हं, हं करत होतो. मागून मोनिका हसत होती.

२

पायथ्याशी परसराम भेटला. पन्नाशीचा माणूस, डोक्याला दुपट्टा बांधलेला, हातात खराटा. टेकडीला लागूनच त्याचं शेत आहे. विहाराचं फाटक उघडणं, पायऱ्या झाडणं तो कित्येक वर्षं करतो. आईनं त्याला लांबूनच ओळखलं.

"परसराम भाऊ, ओळखलं का मले?"

"काहून नाही ओळखत जी. तुमची त पार्टी दिसून नाही राहिली यंदा?"

"पार्टी सरली बाप्पा. आता हा पोरगा घेऊन आला."

परसरामनं नोंदवही पुढे केली. मी नाव लिहिलं, अश्विन रामटेके, मग गाव, फोन नंबर. किती जण, या रकान्यात तीन. मग आम्ही चढायला लागलो. दोनशेच्या वर पायऱ्या. आई दर वीस-पंचवीस पायऱ्यांवर बसायची, गुडघा दाबायची, आणि बसल्या बसल्या बोलायची. मी दोन पायऱ्या वर उभा राहून वाट पाहायचो. परसराम पाण्याची कळशी घेऊन आमच्या मागून चढत होता.

वर पोचायला साडेअकरा झाले. विहार स्वच्छ, चुना नुकताच दिलेला. पंचशीलाचे झेंडे वाऱ्यावर फडफडत होते. खाली तलाव, धानाच्या तणसाचे ढीग, लांबवर खाणीचा लाल-काळा उघडा पडलेला भाग. आईनं मूर्तीपुढे मेणबत्ती लावली, फुलं वाहिली, आणि लगेच म्हणाली, "आता गुंफेत."

"इथं झालं ना आई," मी म्हणालो.

"इथं काय, इथल्यासारखं त घरीही करतो. आत म्हटलं का सारी गुंफा म्हणते रे. आमी चौघी असलो तरी पन्नास बायका म्हणून राहिल्या असं वाटते. तुले ऐकवाचं आहे मले."

परसराम गुंफेच्या तोंडाशी उभा होता. "दहा-पंधरा मिन्टं बसा जी," तो मला म्हणाला. "जास्त नोका बसू. आत हवा कमी हाये. आन् मागच्या भोकाकडे नोका जाऊ, तिकडे अंधार हाये."

मोनिकाला बंद जागेत गुदमरल्यासारखं होतं. ती बाहेर ओट्यावर बसली. माझा फोन तिनं फोटो काढायला मागून घेतला.

"पंधरा मिनिटं," मी आईला म्हणालो.

"हो रे बाबा, पंधरा."

३

गुंफेचं दार वाकून जावं इतकं बुटकं. आत एक चौकोनी खोली, आमच्या हॉलएवढी. छत हात वर केला तर लागेल असं. समोरच्या भिंतीत बुद्धाची बसलेली आकृती कोरायला कुणीतरी सुरुवात केली होती आणि अर्धवट सोडली होती. खांदे आणि मांडी कळत होती, चेहऱ्याच्या जागी नुसता खडक. त्या आकृतीकडे तोंड केलं की उजव्या हाताला, जमिनीलगत, भिंतीत एक भोक होतं. कंबरेएवढं उंच, माणूस आडवा-तिडवा होऊन आत शिरेल इतकं रुंद. परसराम म्हणाला ते हेच असणार.

आई सतरंजीच्या तुकड्यावर पाय लांब करून बसली, कारण तिचा गुडघा वाकत नाही. हात जोडले, डोळे मिटले आणि त्रिशरण म्हणायला लागली.

ती म्हणाली होती ते खरं होतं. पहिल्याच ओळीला सगळी खोली भरून गेली. आईचा आवाज भिंतींवरून परत यायचा, तिच्याच पुढच्या शब्दावर पडायचा, आणि असं वाटायचं की आपल्या मागं ओळीनं बायका बसल्या आहेत. मला आवडलं. मी घड्याळ पाहिलं नाही, हे मला तेव्हाच जाणवलं आणि थोडं हसू आलं.

मग माझ्या सवयीनं माझं लक्ष दुसरीकडे गेलं. पडसाद मूळ आवाजापेक्षा दबका असतो. हा नव्हता. आईचा आवाज जेवढा, तेवढाच तो. शिवाय तो चारी बाजूंनी येत नव्हता. नीट ऐकलं तर उजवीकडून, खालून यायचा.

असेल, मी मनाशी म्हणालो. भोक आहे, आत पोकळी असेल, नळीतून आल्यासारखा येत असेल.

पंचशील सुरू झालं. तिसऱ्या शीलाला आईला ठसका लागला. ती थांबली, पदर तोंडाला लावून खोकली. गुंफा थांबली नाही. पुढची ओळ स्पष्ट, सावकाश, शेवटी चढणाऱ्या त्याच खरखरीत आवाजात भोकातून आली. मग आईनं खोकला आवरला आणि तीच ओळ म्हणाली.

आईचे डोळे मिटलेले होते. तिला काही वेगळं वाटलेलं दिसलं नाही.

मी उठलो. खोकताना ती पुटपुटली असेल, मी स्वतःला सांगितलं. माणूस पाठ झालेलं म्हणताना ओठ हलवतोच. पण मी तिच्या तोंडाकडेच पाहत होतो आणि तोंडावर पदर होता, खोकला होता. मी दाराकडे गेलो. तिथून उजेडाचा पट्टा आत पडला होता. हळूच एक टाळी वाजवली. टाळी परत आली. एक वाजवली, एक आली. मला बरं वाटलं.

मी पाठ फिरवली तेवढ्यात भोकातून दुसरी टाळी आली.

४

तेव्हा मला फक्त बाहेर पडायचं होतं. भीती वाटली असं मी म्हणणार नाही. चिडलो होतो. कुणीतरी आत बसून चेष्टा करत असेल, असंही वाटलं. पंधरा मिनिटं झालीच असतील. मी आईकडे वळलो आणि "आई, चल" म्हणायला तोंड उघडलं.

"आई, चल."

ते मी म्हणालो नव्हतो. माझं तोंड उघडं होतं, श्वास घेतलेला होता, शब्द निघायचा होता. आवाज भोकातून आला. माझाच. घाई झाली की माझ्या आवाजात एक तुटकपणा येतो. तोसुद्धा त्यात होता.

आईनं डोळे उघडले. मी दारात, तिच्या मागं डाव्या हाताला उभा होतो. तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही.

"आली रे बाबू," ती भोकाकडे पाहून म्हणाली, "किती घाई तुले." आणि उठली. पायऱ्यांवर दर वीस पावलांना बसणारी माझी आई एका झटक्यात उठली, वाकली आणि त्या भोकात शिरली.

"आई!" मी ओरडलो. "आई, मी इकडं आहे!"

एवढ्या मोठ्यानं ओरडलो, पण खोलीनं त्यातला एकही शब्द परत दिला नाही. कापसात ओरडल्यासारखं झालं. पांढऱ्या पातळाची कड भोकात सरकली आणि दिसेनाशी झाली.

मी बाहेर जाऊन परसरामला बोलवायला हवं होतं. नंतर हजारदा हा विचार केला. पण तुमची आई डोळ्यांसमोर अशी जाते तेव्हा तुम्ही तिच्या मागंच जाता.

५

भोकाच्या आत बोळ होता. मला गुडघ्यांवर आणि कोपरांवर सरकावं लागलं. वर खडक पाठीला घासत होता, दोन्ही बाजूंनी खांद्यांना लागत होता. चार-पाच हात गेल्यावर बोळ डावीकडे वळला आणि मागचा उजेड संपला. ओल्या मातीचा आणि विझलेल्या मेणबत्तीचा वास येत होता. खडक इतका थंड होता की तळहात दुखायला लागले.

पुढे आई बोलत होती.

"हळू चाल ना रे. माझ्या गुडघ्याचं तुले काही आहे का नाही?"

आणि माझा आवाज तिला उत्तर देत होता. "ये. सावकाश ये. जवळच आहे."

मी सरकायचा थांबलो. पाठीवर खडक होता, छातीखाली खडक होता, आणि पुढे अंधारात मी माझ्या आईला समजावत होतो. घाम सुटला होता तरी अंग गार होतं. पण आतून काहीतरी तुटलं ते दुसऱ्याच कारणानं. तो आवाज मऊ होता. आईशी मी इतक्या मायेनं कधी बोललो नव्हतो. ती त्या आवाजाच्या मागं का जात होती ते मला कळलं.

"लय चांगलं केलं बाबू, घेऊन आला," आई म्हणाली. "मले वाटलं होतं, राहूनच जाते का काय."

"आई, तो मी नाही," मी म्हणालो. माझा आवाज माझ्याच कानापर्यंत धड पोचला नाही.

मी सरकत राहिलो. एका ठिकाणी खांदे अडकले. पुढे होईना, मागं होईना. श्वास घेतला की छाती फुगायची आणि खडक आवळायचा. किती वेळ तसा होतो, सांगता येत नाही. शेवटी श्वास सगळा सोडून, एक हात पुढे ताणून, शर्टाची बटणं तुटेपर्यंत ओढून घेतलं आणि एकदम मोकळा झालो. हात वर केला तर छत लागलं नाही. मी एका खोलीत आलो होतो.

अंधार म्हणजे डोळे उघडे की मिटलेले ते कळू नये असा. मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

"आई?"

"अश्विन?" डावीकडून.

"अश्विन?" उजवीकडून. दोन्ही आई.

"अहो, या ना बाहेर," मागून, बोळातून, मोनिका. "किती वेळ झाला."

"आई, ये, मी इथं आहे," अगदी जवळून. तो मी.

मग सगळं शांत झालं. जणू माझ्या उत्तराची वाट पाहत होते. मी दात आवळून धरले. मला एवढंच समजत होतं की इथं आवाजावर भरवसा ठेवता येणार नाही, माझ्यासुद्धा. मग राहिलं काय? डोळे नव्हते, कान नव्हते. हात होते. रोज जे काम करतो तेच करायचं होतं, चाचपून पाहायचं. मी दोन्ही हात पुढे केले आणि भिंतीच्या कडेनं पाऊल-पाऊल चालायला लागलो.

सात-आठ पावलांवर एक हात माझ्या हातात आला.

६

आईचाच हात. लहान, कोरडा, वरची कातडी सैल. मी अंगठा फिरवला. फार वर्षांपूर्वी दाराच्या फटीत सापडून आईची उजवी करंगळी मोडली होती, ती नीट जुळलीच नाही. वरचं पेर आत वळलेलं आहे. मी ते पेर शोधलं. वळलेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पास, मी मनात म्हणालो, खरंच हाच शब्द म्हणालो, आणि तो हात घट्ट धरून बोळाकडे वळलो.

"अश्विन," डावीकडून आई म्हणाली. आवाजात भीती होती. "कोणाचा हात धरला रे तू?"

मी थांबलो.

हातातला हात काही बोलला नाही. ओढलाही नाही. नुसता होता.

"मी इकडं आहे ना रे," ती म्हणाली. पाच-सहा पावलांवरून असेल. "मले काही दिसून नाही राहिलं. तुह्या पायाचा आवाज आला. इकडं ये."

"आई, बोल," मी हाताला म्हणालो. "एक शब्द बोल."

हातानं माझी बोटं किंचित दाबली. आई माझ्या लहानपणी रस्ता ओलांडताना दाबायची तशी. की मला तसं वाटलं?

मी विचार केला, आणि तो विचार तेव्हा मला अगदी सरळ वाटला. इथं आवाज खोटे आहेत. माझा खोटा आहे, मोनिकाचा खोटा आहे. मग हाही खोटा. हाताला मोडलेली करंगळी आहे. आवाजाला करंगळी नाही.

मी बोळात शिरलो. हात मागं धरून, एका हातानं सरकत. मागं वळून पाहायला जागा नव्हती, आणि जागा असती तरी अंधारच होता.

"बाबू," ती मागून म्हणाली. ती आता रडत होती. "अरे, मले सोडून कुठं जाऊन राहिला? अश्विन. थांब ना रे. अश्विन."

मी थांबलो नाही. तिच्या हाका बोळाच्या वळणापर्यंत माझ्या मागं आल्या. वळणावर समोर उजेड दिसला आणि त्या हाका मध्येच, शब्द अर्धा असताना, बंद झाल्या. हातातली पकड मात्र घट्ट होत गेली होती. शेवटच्या चार हातांत मी तिला ओढत होतो की ती मला पुढे ढकलत होती, हे मला सांगता येणार नाही.

७

बाहेरच्या खोलीत मी आधी वळून पाहिलं. आई होती. आईचाच चेहरा, आईचं पांढरं पातळ, कपाळावर सुटलेली बट. मी तिला मिठी मारली. मिठी मारायची आम्हा दोघांना सवय नाही. ती सरळ उभी राहिली.

मोनिका दारात आली होती. मला पाहून ती घाबरलीच. शर्ट फाटलेला, कोपरं सोललेली, पँट दोन्ही गुडघ्यांवर फाटून रक्त आलेलं.

"काय झालं? कुठं पडलात?"

"तू हाक मारली होती का?" मी विचारलं. "बाहेर या म्हणून?"

"मी? नाही. पाऊण तास झाला, आईंना निवांत बसू द्यावं म्हणून मी एकदाही आवाज दिला नाही."

परसराम तिच्या मागं उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. आईच्या पायांकडे पाहत राहिला. त्यानं पाहिलं म्हणून मीही पाहिलं. पातळाला माती नव्हती. गुडघ्यांवर नाही, काठाला नाही, कुठंच नाही.

"भोकात गेलते का जी?" त्यानं विचारलं.

"आई गेली होती. मी आणलं."

त्यानं दुपट्टा सोडून पुन्हा बांधला आणि आमच्या पुढे पायऱ्या उतरायला लागला. आई सगळ्या पायऱ्या न बसता उतरली. मोनिका म्हणाली, "आई, गुडघा बरा वाटतो का?" आईनं उत्तर दिलं नाही. धक्का बसला असेल, मी म्हणालो. गाडीत ती मागं बसली, खिडकीपाशी. जवाहरनगर येईपर्यंत एक शब्द बोलली नाही. मोहाडीच्या बाजाराजवळ मी मुद्दाम गाडी हळू केली, "शेंगा घ्यायच्या का?" म्हणून विचारलं. आरशात पाहिलं तर ती शेंगांकडे नाही, आरशातून माझ्याकडे पाहत होती.

८

नऊ दिवस झाले, आई बोललेली नाही.

भंडाऱ्याला दोन डॉक्टरांना दाखवलं. घसा चांगला आहे, कान चांगले आहेत, पक्षाघाताची लक्षणं नाहीत. मनावर ताण आला असेल, वेळ द्या, दोघांनी सांगितलं. मलाही ते पटतं. ती जेवते, आंघोळ करते, आपली ताटली आपण धुते. काही सांगितलं तर ऐकते. शेजारच्या विजयमालाताई रोज येऊन तासभर एकट्याच बोलून जातात, जाताना मला म्हणतात, "येईल आवाज, काळजी नका करू." मोनिका मात्र दोन-तीन दिवसांपासून स्वयंपाकघरातच जास्त असते. काल मी भांडी लावायला गेलो तेव्हा ती हळूच म्हणाली, "आई दुपारी लवंडतसुद्धा नाहीत हो. पाहावं तेव्हा कॉटवर बसूनच. आणि तुम्ही ड्युटीवरून यायची वेळ झाली की दाराकडे तोंड करून बसतात."

"मग त्यात काय," मी म्हणालो.

"काही नाही," ती म्हणाली.

आज सुटी घेतली होती. साडेदहाच्या सुमाराला आईच्या खोलीत खुर्चीवर बसून पेपर वाचत होतो. फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता.

"साहेब, मी परसराम बोलून राहिलो जी. भंतेडोंगरीवरून. वहीतून नंबर घेतला."

"बोला."

"तुमची माय घरीच हाये ना जी?"

मी समोर पाहिलं. आई कॉटवर पाय सोडून बसली होती. उन्हाचा कवडसा तिच्या मांडीवर होता. "हो. घरीच आहे. काहून?"

तिकडे वाऱ्याचा आवाज येत होता. झेंडे फडफडत असावेत. "नाही, म्हणजे... कोनाले सांगू समजून नाही राहिलं. गुंफेच्या आतून एक बाई हाका मारून राहिली. तुमी आलते त्या रविवारपासून. मले वाटलं घुमत असंन. पण ते नाव घेते जी. अश्विन म्हणून. वहीत पाहिलं त महिन्याभरात अश्विन तुमीच एकटे."

मी पेपर बाजूला ठेवला.

"मी आत नाही गेलो जी. मी नाही जात. पण आवाज बारीक होऊन राहिला, म्हणून फोन केला. तुमीच ऐका. फोन तिकडे धरतो."

घासल्यासारखा आवाज आला. मग वारा बंद झाला, आणि ती पोकळ, भरलेली शांतता आली. मी फोन कानाला घट्ट लावला.

"बाबू," आई म्हणाली. आवाज बसला होता, पण शेवटी तसाच वर चढत होता. "लय वेळ झाला ना रे? मोनिका बाहेर एकटीच बसली असंन. तिले म्हण, येतोच मी. अश्विन? मी रागावली नाही रे. तू नुसता एक आवाज दे, म्हणजे मले समजते कोणीकडे यायचं."

माझ्या तोंडून शब्द निघणारच होता. "आई" एवढाच. ओठ उघडले होते.

कॉट करकरली. समोरची उठली, माझ्यापाशी आली आणि माझ्या हातातून फोन काढून घेतला. ओढला नाही, लहान मुलाच्या हातातून घ्यावा तसा घेतला. चष्मा न लावता लाल बटण शोधलं आणि दाबलं. मग फोन पातळाच्या ओच्यात खोचून ती परत कॉटवर गेली, थोडी सरकली, आणि शेजारची जागा तळहातानं थोपटली.

मोनिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातून पिठाची परात निसटत होती आणि ती माझ्याकडे पाहून मान हलवत होती, नको, नको.

त्या बाईनं पुन्हा एकदा जागा थोपटली.

मी जाऊन बसलो.